सी जाईल, डी राहील

साहित्याच्या मास्तरांनी संगणकाविषयी दोनच प्रसंगी बोलावे, अशी आपल्याकडे एक अलिखित चाल आहे. पहिला प्रसंग 'पुस्तक मरणार काय?' या विषयावरील परिसंवादाचा. दुसरा, त्याच परिसंवादातले निबंध एकत्र करताना फाँट बिघडल्याचा. यापलीकडे त्या यंत्राच्या पडद्यावर जे काही लिहिलेले असते ते 'तांत्रिक' ठरवून आपण बाजूला सारतो. आम्हीही पंधरा-वीस वर्षे तेच केले. आज लिहावयास बसलो आहोत ते एका भांडणापोटी, आणि भांडण वरकरणी क्षुल्लक आहे. संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना जे पडदे एकामागून एक समोर येतात, ते देखणे असावेत की सोपे?

यावर दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, देखणे तेच सोपे. डोळ्याला सुखावते ते हाताला आपोआप जमते. दुसरा पक्ष जुन्या लिनक्सभक्तांचा. त्यांच्या मते देखणेपणा ही भेसळ. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे हेच खरे, बाकी सारे बायकापोरांना भुलवण्याचे रंगकाम (हा शब्दप्रयोग त्यांचा, आमचा नव्हे). आम्हाला दोन्ही पक्षांचा राग येतो, कारण दोघांच्याही नजरेतून एक साधी गोष्ट सुटते. त्या पडद्यांवर वाक्ये असतात. ती वाचून माणूस निर्णय घेतो, आणि त्यांतला एखादा निर्णय परत फिरवता येत नाही. वाक्ये वाचणे हा ज्यांचा व्यवसाय, ते आपण मात्र तिकडे फिरकत नाही.

प्रसंग सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही अलीकडचा लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी यंत्रे एका तारखेला 'जुनी' झाली. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत, आमच्याच इमारतीत, एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारे त्यांना बाई म्हणतात, आम्हीही. त्यांचे यंत्र असेच जुने झालेले. त्यात त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली वाडवळी लग्नगीते आहेत. आगाशीपासून केळवे-माहीमपर्यंतच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकून, युनिकोडच्या आधीच्या एका फाँटात स्वतः टंकलेली. छापील प्रत नाही. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.

"लिनक्स टाकू, बाई, फुकट आहे," असे आम्हीच मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. 'डॉक्युमेंट्स'मध्ये जे होते ते आधी पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि रविवारी सकाळी कामाला बसलो. जी प्रणाली आम्ही निवडली तिचे नाव येथे सांगत नाही. दोष तिचा एकटीचा नव्हे. पडदा मात्र खरोखरच सुंदर होता. निळ्यातून जांभळ्यात विरघळणारी पार्श्वभूमी, गोलसर कडांच्या दोन चौकटी, प्रत्येकीत एक नाजूक चित्र. पहिली चौकट आधीच निवडलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत, डिस्क पुसून स्थापना करा, अशा अर्थाचे चार शब्द. खाली फिकट करड्या रंगात, चष्म्याशिवाय न दिसणारी एक ओळ. आम्ही 'पुढे' दाबले. कोणीही दाबले असते. मग जगाचा नकाशा आला, त्यात मुंबई-कोलकाता शोधण्याची गंमत झाली, मग नाव, मग परवलीचा शब्द.

बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "सर, ते मघाशी काय पुसायचं होतं?"

"डिस्क, बाई."

"डिस्क म्हणजे सी का डी? माझी गाणी डीमध्ये आहेत."

आम्हाला उत्तर देता आले नाही. मागे जाऊन पाहिले तेव्हा तेथे फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट हिरवा अशी एक पट्टी होती आणि तिच्याखाली 'एसडीए' या धर्तीची नावे. सी नव्हता, डी नव्हता. एकाच डिस्कचे ते दोन भाग, आणि 'डिस्क' म्हटले की दोन्ही आले, हे कळायला आम्हाला पंधरा मिनिटे लागली. बाईंनी विचारले नसते तर 'स्थापना करा' हे ठळक निळे बटण दाबायला आम्हाला पंधरा सेकंदही लागली नसती.

एव्हरशाईन सिटीच्या मुख्य रस्त्यावर इमारतींच्या तळमजल्यांना दुकानांची रांग आहे. त्यांतल्या एका लहानशा गाळ्यात संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. नालासोपाऱ्याला राहतो, त्याची मातृभाषा मराठी नाही, हे मुद्दाम सांगतो. कोणाचेही बिघडलेले यंत्र समोर आले की तो तपासतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल. सी जाईल, डी राहील." आणि मग थांबतो. गिऱ्हाइकाने 'हो' म्हटल्याशिवाय यंत्राला हात लावीत नाही.

या सात शब्दांवर आम्ही त्या दिवसापासून विचार करतो आहोत. 'लागेल' या क्रियापदात अपरिहार्यता आहे. 'मारावा' या शब्दात होणाऱ्या गोष्टीचा दांडगेपणा आहे, तो लपवलेला नाही. पुढच्या दोन अवयवांत काय गमावणार आणि काय उरणार याचा चोख हिशेब, त्याच क्रमाने, त्याच वजनाने मांडलेला. कर्ता, कर्म, काळ, सारे जागच्या जागी. कोट्यवधी रुपये खर्चून घडवलेल्या त्या पडद्यांवर आम्हाला इतके नेटके वाक्य आजवर आढळलेले नाही. कारण तेथे खर्च झाला तो रंगांवर. वाक्य शेवटी कोणीतरी जाता जाता लिहून टाकले.

देखणेपणाचा आग्रह धरणारे यावर हसतील आणि जुन्या पडद्यांचे नमुने दाखवतील. दाखवावेतच. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिच्या स्थापनेचा पहिला टप्पा निळ्या पडद्यावरच्या निव्वळ अक्षरांचा होता. करार मान्य करायला एफ८. डिस्कचा भाग पुसायचा तर डी. मग इशारा, आणि तो वाचून खरोखर पुसायचेच असेल तर एल. एंटर नव्हे, एल. बोटाला सवय असलेली कळ तेथे मुद्दाम नाकारलेली होती. कुरूप होता तो पडदा, त्यात शंका नाही; पण 'पुढे, पुढे, पुढे' या लयीत ओघाने वाहून जाणाऱ्या माणसाला तो एका ठिकाणी अडवीत होता आणि वाचायला लावीत होता. ज्यांनी छंद शिकवले आहेत त्यांना यतीचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. त्याच एक्सपीच्या पुढच्या, चित्रमय टप्प्यात तुम्ही फारसे काही करायचे नसे. फायली उतरत असत आणि बाजूला प्रणालीची जाहिरात चाले. नंतरच्या वर्षांत हा दुसरा टप्पा पहिल्याला गिळून बसला.

अलंकाराला आमचा विरोध नाही. १९९९ साली कॅल्डेरा कंपनीच्या ओपनलिनक्सचा इन्स्टॉलर फायली उतरत असताना माणसाला टेट्रिस खेळू देत असे. आम्हाला हे फार आवडते. निर्णय होऊन गेलेले आहेत, वाट पाहण्यापलीकडे काही उरलेले नाही, तेव्हा करमणूक करा, चित्रे दाखवा, गाणे वाजवा! अलंकार आपल्या जागी असला की निरुपद्रवी असतो. तो निर्णयाच्या क्षणी वाक्याच्या अंगावर येऊन बसला की उपद्रव सुरू होतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण फेडोराचे आहे. जानेवारी २०१३ मध्ये फेडोरा १८ आली, तिच्यासोबत ॲनाकोंडा या इन्स्टॉलरचा नवा अवतार आला. एकामागून एक पानांऐवजी मध्ये एक चौक आणि त्यातून फुटणाऱ्या वाटा अशी रचना. कोणत्याही वाटेने आधी जा, परत चौकात या. कल्पना वाईट नव्हती. पण प्रत्येक वाटेवर 'झाले' हे बटण ठेवले वरच्या डाव्या कोपऱ्यात, जेथे आपला डोळा 'मागे फिरा' शोधतो. आणि डिस्कची वाटणी करण्याचा पडदा असा काही झाला की वर्षानुवर्षे लिनक्स टाकणारी माणसे त्यापुढे थबकली. टीका पुष्कळ झाली. काही गोष्टी सुधारल्या, आणि २०२५ च्या फेडोरा ४२ पासून तिच्या मुख्य आवृत्तीला नवाच इन्स्टॉलर दिला गेला. चूक अक्षमतेची नव्हती. करणारे कसबी होते. पडदा कसा दिसेल याचा विचार त्यांनी केला, तो कोणत्या क्रमाने वाचला जाईल याचा तितका केला नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. विंडोज ११ ची होम आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हापासून पहिल्या जुळणीतच ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. तिचे पडदे पाहा. मऊ, मोकळे, एका वेळी एकच प्रश्न, नम्र भाषा. पण ज्या गोष्टीला 'नको' म्हणण्याची मुभा माणसाला हवी असते तेथे 'नको'च नाही. सोपेपणा येथे निवड काढून घेऊन साधला आहे. ज्या नाटकात नायकाला पर्यायच नाही ते समजायला सोपेच असते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आम्हीच मांडतो, कारण तो आमच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या दोघा संशोधकांनी एटीएमच्या पडद्यांच्या निरनिराळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या. ज्या मांडण्या सुंदर वाटल्या त्याच लोकांना वापरायलाही सोप्या वाटल्या. पुढे इस्राएलमध्ये ट्रॅक्टिन्स्की यांनी, संस्कृती निराळी म्हणून निष्कर्ष निराळा येईल अशा अपेक्षेने, तोच प्रयोग केला. संबंध तेथेही आढळला. डोनाल्ड नॉर्मन यांच्या 'इमोशनल डिझाइन' या २००४ मधील पुस्तकाने ही गोष्ट सर्वतोमुखी केली. तेव्हापासून 'सुंदर तेच सोपे' हे वाक्य शास्त्रवचन होऊन बसले आहे. पण जपानी संशोधकांच्या निबंधाचे शीर्षकच भासणारी सुलभता आणि अंगभूत सुलभता यांत फरक करते. त्यांनी मोजला तो भास. सुंदर पडदा सोपा वाटतो. म्हणजेच तो माणसाला बेसावध करतो, असाही याचा अर्थ होतो, आणि त्या रविवारी आमच्या बाबतीत नेमका तोच झाला. एटीएममधून चुकून पाचशेऐवजी हजार काढले तर ते पुन्हा भरता येतात. पुसलेल्या डिस्कवर दुसरी प्रणाली चढली की वाडवळी गाणे परत येत नाही.

आपल्या शास्त्रात या भेदाला नावे आहेत. वामनाने गुण आणि अलंकार वेगळे काढले: शोभा निर्माण करतात ते गुण, असलेली शोभा वाढवतात ते अलंकार. मम्मटाने गुण तीनच मानले, त्यांतला प्रसाद म्हणजे अर्थ मनात तत्काळ पसरणे. एम.ए.च्या पहिल्या सत्रात आपण हे शिकवतो, परीक्षेत टिपा लिहायला सांगतो आणि विसरतो. इन्स्टॉलरच्या पडद्याकडे या दृष्टीने पाहिले तर भांडण देखणे विरुद्ध सोपे असे उरतच नाही. ज्या वाक्यात प्रसाद नाही त्याच्याभोवती अलंकार वाढवीत नेण्याचा तो खटाटोप आहे. मढवलेल्या पण अर्थ पोचत नसलेल्या कवितेला आपण जे म्हणतो तेच येथे म्हणावे लागेल.

एवढे वाचून दुसरा पक्ष, म्हणजे काळ्या पडद्याचे पुरस्कर्ते, आमच्या पाठीवर थाप मारायला पुढे येतील. त्यांनी जरा थांबावे.

निव्वळ अक्षरांचा पडदा प्रामाणिक असतो हे खरे. पण कोणाच्या अक्षरांचा? त्या पडद्यावर समान चौकोनांची जाळी असते. एका घरात एक चिन्ह. लिनक्सच्या तसल्या मूळ पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ निरनिराळी चिन्हे मावतात. रोमन लिपीला ते घर पुरते. देवनागरीला पुरत नाही. आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी बसते; रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो; उकार पायाशी लोंबतो; जोडाक्षरात दोन-तीन व्यंजने मिळून तिसरेच रूप घेतात. चौकोनांच्या जाळीत हे बसवायचे तर लिपी मोडावी लागते. म्हणून डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरची गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. त्याला चित्रमय रूप अधिकृतपणे मिळाले २००७ च्या आवृत्तीत. आतली यंत्रणा तीच, प्रश्न तेच, क्रम तोच. फक्त दर्शनी भाग निराळा. मग हा उद्योग कशासाठी? डेबियनची स्थापना-मार्गदर्शिका त्याचा मुख्य फायदा सांगते तो हा, की साध्या अक्षरपडद्यावर ज्या लिपी दाखवता येत नाहीत त्यांच्या भाषा या रूपात वापरता येतात. माउसची सोय वगैरे नंतर. हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ अशा भाषा २००७ मध्ये या दारातून आत आल्या. मराठी आली २००९ च्या आवृत्तीत.

म्हणजे ज्याला शुद्धतावादी 'रंगकाम' म्हणून हिणवतात ते आमच्यासाठी अक्षरओळखीइतके प्राथमिक होते. चित्र काढता येणारा पडदा नसता तर मराठीत 'नाही' हा शब्दही नीट उमटला नसता. ह्यात देखणेपणाचा प्रश्न नाही, असण्याचा आहे.

ही अडचण नवी नव्हे. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठीच्या गोडीचे इतके कौतुक करणारा ग्रंथ मराठी अक्षरांत छापून यायला शांताराम बंडेलूंच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, थांबावे लागले. वसईकर ख्रिस्ती घरांत या ग्रंथाविषयी काय आस्था आहे हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढे विसाव्या शतकात टंकयंत्राच्या आणि जुळणीच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, अशा चळवळी झाल्या. सावरकरांची 'अ'ची बाराखडी हे त्यांतले सर्वांत ठळक रूप. यंत्राने वाचकाकडे यावे की वाचकाने यंत्राकडे जावे, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे तरी चालू आहे. त्यात प्रत्येक वेळी आपल्यालाच चार पावले चालायला सांगितले गेले.

चाळिशीतल्या वाचकांना एक्सपीचा आणखी एक छळ आठवत असेल. त्या प्रणालीत मराठी होती. पण आपोआप नव्हती. कंट्रोल पॅनेल, त्यात प्रादेशिक आणि भाषिक पर्याय, त्यात भाषांचे पान, त्यात जटिल लिप्यांच्या फायली बसवा असे सांगणारी एक चौकट, तिच्यात खूण. आणि मग यंत्र म्हणे, मूळ सीडी घाला. ती सीडी कोणाजवळ असे? यंत्र जुळवून देणाऱ्याने सीडी दिलेलीच नसे. मग मराठी संकेतस्थळ उघडले की नुसते चौकोन, नाहीतर वेलांट्या भलत्याच जागी. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट त्याच सीडीवर पडून असायचा, आणि आमचे विद्यार्थी इंटरनेटवर मराठी नसतेच असे समजून मोठे झाले. एका खुणेचे हे मोल. विंडोज व्हिस्टापासून ती चौकट गेली, आणि आजच्या मुलांना ती कथा दंतकथेसारखी वाटते. स्थापनेच्या वेळी कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणता विचारलाच जात नाही, यावर एका पिढीचे वाचन ठरू शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा काळ्या पडद्याला सोपे म्हणू नका. आमच्या त्या दुकानदार मुलाने शेवटी येऊन बाईंचे काम केले. आधी डी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, मग स्वतःजवळचा दुसरा पेनड्राइव्ह लावला. हा इन्स्टॉलर करडा, रूक्ष, सरकारी फॉर्मसारखा. त्याने मराठी निवडू दिली. प्रत्येक भागाचा आकार वेगळा लिहून दाखवला, आकारावरून मुलाने डी ओळखला. शेवटी बदलांची यादी देऊन लिहू का असे विचारले, आणि निवड आपोआप 'नाही'वर थांबलेली होती. हे सारे उत्तम. पण त्याआधी त्याने यंत्राचे यजमाननाव विचारले, क्षेत्रनाव विचारले, मूळ वापरकर्त्याचा परवलीचा शब्द विचारला. बाई म्हणाल्या, "यजमान? ते जाऊन सहा वर्षं झाली." आम्ही हसलो, बाईही हसल्या, पण हसू ओसरल्यावर लक्षात आले की पडदा मराठीत होता आणि बाईंना तो इंग्रजी पडद्याइतकाच परका होता.

येथे आम्ही आमच्याच गोटाकडे वळतो. हे मराठी कोणी केले? बहुतांशी अभियंत्यांनी, आपला वेळ खर्चून, विनामूल्य. सी-डॅकने २००७ पासून भारतीय भाषांसाठी 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली प्रणाली दिली; स्वयंसेवकांनी हजारो वाक्ये एकेक करून भाषांतरित केली. त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांनी मदत मागितली तेव्हा मराठी विभागांतून त्यांच्या हाती काय आले? कोश. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले तेव्हापासून आपण परिभाषा घडवीत आहोत, आणि त्यांतली काही रुजलीही. पण कोशातला शब्द एकटा असतो आणि पडद्यावरचे वाक्य कोणालातरी उद्देशून असते, हे आपण कोणाला सांगितले नाही. परिणामी मराठी पडद्यांवर 'प्रतिष्ठापना' वाचायला मिळते, जी आमच्या इमारतीत वर्षातून एकदा, गणपतीची होते. 'विभाजन' वाचायला मिळते, ज्याने १९४७ आठवते. डिस्क प्रणालीला जोडण्याला 'आरोहण' म्हटलेले आम्ही पाहिले आहे. आणि लोक काय म्हणतात? विंडोज टाकली. फॉरमॅट मारला. पार्टिशन पाडले. 'टाकणे', 'मारणे', 'पाडणे' ही अस्सल मराठी क्रियापदे. परकी नामे त्यांनी सहज पचवली आहेत. पालघर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, एका गटाचे तुकडे पडले की त्यांना तो पोटहिस्से म्हणतो आणि कोणता पोटहिस्सा कोणाचा हे सातबाऱ्यावर पाहतो. डिस्कच्या भागांना पोटहिस्से म्हणावे, असा आमचा आग्रह नाही (मोह मात्र आहे); पण त्या अनुभवातून आलेले वाक्य बाईंना कळले असते.

आमचा खरा आक्षेप शब्दांपेक्षाही वाक्यरचनेवर आहे. 'सर्व माहिती नष्ट करण्यात येईल.' कोण करणार? कोणाची? हा कर्मणी थाट आपल्या शासकीय पत्रांतून पडद्यावर आला आणि पत्रांत तो आपल्या शुद्धलेखनाच्या तासांतून गेला. कर्ता लपवणे म्हणजे भारदस्त लिहिणे, हे आपणच शिकवले. इंग्रजी पडद्यावर रंग जे काम करतो ते मराठी पडद्यावर आपले भारदस्त गद्य करते. दोन्ही ठिकाणी वाचक पुढे ढकलला जातो.

यावर विचारले जाईल की मराठीच्या प्राध्यापकांनी आता बटणांवरचे शब्द लिहीत बसावे काय? बसावे. दासोपंतांच्या पासोडीवर निबंध लिहिणाऱ्याला एका चेतावणीचे वाक्य लिहिणे कमीपणाचे वाटू नये. आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण कवितेवर पोट भरणार आहेत? आणि कितीजणांच्या हातून रोजच्या रोज असली वाक्ये लिहिली जाणार आहेत, बँकेच्या ॲपसाठी, रुग्णालयाच्या अर्जासाठी, रेल्वेच्या यंत्रासाठी?

बाईंची गाणी वाचली. नव्या प्रणालीवर ती उघडली तेव्हा जुना फाँट नसल्यामुळे रोमन चिन्हांचा कचरा दिसला, पण अक्षरे आत शाबूत आहेत. ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे आणि त्याची कटकट हा स्वतंत्र विषय आहे. दरम्यान आम्ही आमच्या एम.ए.च्या वर्गाला एक वाक्य दिले. या डिस्कवर असलेले सारे पुसले जाणार आहे, हे एका वृद्ध माणसाला पडद्यावरून कळवा. शब्द कितीही वापरा. बहुतेकांनी आम्ही शिकवल्याप्रमाणेच लिहिले. 'सदर चकतीवरील समस्त विदा कायमस्वरूपी नष्ट करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी' हा त्यांतला सर्वांत सुबक नमुना. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले होते: 'या डिस्कवरचं सगळं जाईल. परत मिळणार नाही. दुसरीकडे ठेवलंय ना?'

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. म्हणाली, "सर, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील का?"

आजच्या नमुना-उत्तराप्रमाणे, जातील.